नागपुरात रोज सायकलने ऑफिसला जायचं तर: ऊन, सराटे आणि सिमेंटचे रस्ते

प्रश्न थोडक्यात असा: राहायला मानेवाड्याला, ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये, एका बाजूचं अंतर नऊ-दहा किलोमीटर. घरी २६ इंची गिअरची सायकल आहे, पण तीन-चार वर्षं नुसती उभी आहे. तिच्यावरून रोज जायचं तर अडचणी कोणत्या येतील, आणि नागपूरच्या उन्हात हे जमतं का?

जमतं. दहा किलोमीटर हे अंतर तर यातलं सगळ्यात किरकोळ. पाय दुखले म्हणून सायकल सोडणारे फार थोडे असतात. ओल्याचिंब शर्टाने साहेबांसमोर उभं राहावं लागतं, आठवड्यात दोनदा पंक्चर होतं, नाहीतर एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी डोकं गरगरतं, आणि मग सायकल परत जिन्याखाली जाते. यातल्या दोन गोष्टींचं मूळ वेगात आहे, म्हणून आधी वेगाचं बघू.

सपाट रस्त्यावर, ताठ बसून, ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला साधारण ५० वॉट ताकद लावावी लागते. २५ च्या वेगाला हाच आकडा दीडशेच्या पुढे जातो, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलवर पोचते, उरलेली सगळी उष्णता. म्हणजे सावकाश चालवताना अंगात दीड-दोनशे वॉट उष्णता तयार होते, दामटताना पाचशेच्या घरात. घाम येणारच. दहा किलोमीटरला १५ च्या वेगाने ४० मिनिटं लागतात, २५ च्या वेगाने २४. सिग्नल धरले तर प्रत्यक्षात दहा मिनिटांचाही फरक पडत नाही, आणि ती दहा मिनिटं ऑफिसात पंख्याखाली उभं राहण्यातच जातात. शेवटचे दोन किलोमीटर तर मुद्दाम आणखी हळू चालवा. पोचल्या पोचल्या कपडे बदलू नका. थांबल्यावर दहाएक मिनिटं घाम येतच राहतो, वारा थांबल्यामुळे जास्तच जाणवतो. तो ओसरला की ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि मग शर्ट चढवायचा.

आता सायकल. पडून असलेल्या सायकलचं रबर आधी जातं. टायरमधली हवा काढून बाजूची भिंत बोटांनी दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बाद. ब्रेकचे रबर नखाने दाबले आणि दगडासारखे लागले तर तेही बदला, ते रिमवर नुसते किंचाळतात, धरत नाहीत. ब्रेकची वायर बदलताना आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही बदला. गंजलेल्या कव्हरात नवी तार घातली तर महिनाभरात पुन्हा तेच.

दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) उघडून जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने धुऊन नवं भरायला सांगा. पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ इंची छर्रे एका बाजूला दहा, मागच्यात पाव इंची नऊ असतात. मेकॅनिक घाईत असला की एखादा छर्रा कमी बसतो, म्हणून उघडताना मोजून घ्या. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा नट, आवळल्यावर चाक हाताने बाजूला हलवून बघायचं: खडखड नको, आणि एक्सल बोटांनी फिरवताना अडकायलाही नको. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना बाजूला होणारी डुगडुग, काढणं हे काम मात्र चांगल्या हाताकडेच द्या. नवशिक्याने स्पोक आवळले की एका बाजूचा आऊट जातो आणि चाक अंडाकृती होतं.

सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते, नेहमी कमीच. भिंतीला टेकून, अनवाणी, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि ०.८८ ने गुणा. पॅडलच्या मधल्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर हवं. ८० सेंटिमीटर मापाला ७० होतं. हिशोब नको असेल तर सीटवर बसून टाच सगळ्यात खाली आलेल्या पॅडलवर ठेवा, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर टेकत नाहीत म्हणून लोक सीट खाली करतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावली की प्रश्न मिटतो.

तुमच्या सायकलला बहुधा डोंगरी गुट्ट्यांचे टायर असतील. सिमेंटच्या रस्त्यावर ते नुसते गुरगुरतात आणि ताकद खातात. गुळगुळीत, २६ × १.५० ते १.७५ मापाचे घ्या. इथे एक फसगत ठरलेली: ‘२६ इंची’ नावाची दोन अगदी वेगळी मापं बाजारात आहेत. गिअरच्या सायकलचं २६ × १.७५ हे ५५९ मिलिमीटर रिमचं, तर साध्या सायकलचं २६ × १-३/८ हे ५९० चं. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या भिंतीवर ‘४७-५५९’ असा आकडा छापलेला असतो, त्यातला ५५९ दुकानदाराला दाखवा. हवा मागच्या चाकात ५० ते ५५ पीएसआय, पुढच्यात पाचेक कमी. ट्यूब मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचीच घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. फक्त तिथे थोडी थोडी भरा, सायकलची ट्यूब छोटी असल्याने दाब क्षणात चढतो.

पंक्चरचं नागपुरातलं मुख्य कारण सराटे आणि बाभळीचे काटे. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर आणि रस्त्याकडेला सराट्याचे वेल पसरतात, ऑक्टोबरनंतर वाळतात आणि त्यांचे काटे कडेच्या मातीत विखुरतात. म्हणून दिवाळी ते संक्रांत हा पंक्चरचा हंगाम, आणि अगदी कडेने चालवणाऱ्याला तो जास्त बाधतो. टायर आणि ट्यूबच्या मध्ये लायनरची पट्टी टाकली तर यातले बरेच काटे अडतात. जुनी ट्यूब कापून घातली तरी चालते, पण तिची टोकं एकमेकांवर चढवू नका, त्या धारेनेच नवी ट्यूब घासून फुटते. ट्यूबमध्ये भरायचं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव (एका चाकाला १०० ते १२० मिलिलिटर), सराट्याला उत्तम, मात्र इथल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. पावसाळ्यानंतर पुन्हा घालावं लागतं असं धरून चाला.

पंक्चर काढल्यावर पुन्हा त्याच दिवशी हवा गेली, तर दोष बहुधा पॅचचा नसतो, काटा टायरमध्येच राहिलेला असतो. त्यासाठी युक्ती अशी: टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायचं. ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर सापडलं, की टायरमध्येही त्याच अंतरावर, एका नाहीतर दुसऱ्या बाजूला, काटा सापडणार. सराट्याचं टोक बाहेरून दिसतच नाही. टायर आतून बाहेर उलटा करून कापसाचा बोळा हळू फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे काटा. नेलकटरने ओढून काढा. मग ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, चमक जाईपर्यंत. सोल्युशन पातळ लावायचं, पॅचपेक्षा थोडं जास्त जागेवर, आणि पाच मिनिटं सुकू द्यायचं. बोट लावल्यावर ओलं लागलं नाही पाहिजे. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच मे महिन्यात हमखास सुटतो. ट्यूबला शेजारी शेजारी दोन उभ्या चिरा दिसल्या तर तो काटा नाही: हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचं डोकं टोचतंय.

सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि नटाचं चाक असेल तर १५ चा पाना ठेवा. रस्त्यावर पंक्चर काढत बसू नका, ट्यूब बदला आणि चालू लागा. पॅच रात्री घरी.

रस्त्याचं सांगायचं तर, पूर्व-दक्षिण नागपुरातून सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्याला रेल्वेची लाईन ओलांडावीच लागते, आणि ती कुठे ओलांडायची यावर अर्धा प्रवास ठरतो. मेडिकल चौकापर्यंत आलात की पर्याय तीन. कॉटन मार्केटवरून लोहापुलाखालून सीताबर्डी हा जवळचा, पण सकाळी तिथे भाजीच्या गाड्या, हातठेले आणि रस्त्यावर ओला पाला. पावसात पुलाखाली पाणी. स्टेशनसमोरून कस्तुरचंद पार्ककडे जाणारा रुंद आहे, पण ऑटो आणि बस कधी डावीकडे घुसतील याचा नेम नाही. अजनीच्या पुलावरून धंतोली, तिथून वर्धा रोड ओलांडून रामदासपेठ आणि महाराजबागेच्या अंगाने सिव्हिल लाइन्स, हा थोडा लांब पडतो. तरी निवड याचीच करा. धंतोली-रामदासपेठेत आतल्या गल्ल्या आहेत, झाडं आहेत, आणि एप्रिलमध्ये सावलीचा एक किलोमीटर उन्हातल्या दोनच्या बरोबर. नकाशातलं सर्वांत कमी अंतर सायकलला क्वचितच सर्वांत चांगलं असतं. पहिली फेरी रविवारी सकाळी मारा, दुसरी कामाच्या दिवशी ऑफिसच्याच वेळेला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. उड्डाणपुलांवर चढू नका, खालचा रस्ता धरा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाची आहे. सकाळी वायव्येला जायचं, संध्याकाळी आग्नेयेला यायचं, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. वाडी-हिंगण्याकडून शहरात येणाऱ्यांचं उलटं: दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत. तो तुम्हाला बघतच नाही. अशा रस्त्यावर मागचा लाल दिवा दिवसाही लावायचा.

सिमेंटचे रस्ते सायकलला वरकरणी छान: खड्डे कमी, चाक हलकं पळतं. धोका त्यांच्या कडेला आहे. स्लॅब संपतो आणि पेव्हिंग ब्लॉक सुरू होतात तिथे बऱ्याच ठिकाणी दोन-चार सेंटिमीटरची पायरी पडलेली असते, रस्त्याच्या दिशेने लांबच लांब. तिला समांतर जात असताना मागून हॉर्न वाजला, तुम्ही दचकून डावीकडे उतरलात आणि लगेच वर यायला गेलात, तर पुढचं चाक त्या धारेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि हँडल हातातून निसटतं. सायकलवरून पडण्याचा हा इथला ठरलेला प्रकार. खाली उतरलातच तर तिथेच थांबा. वर यायचं असेल तर वेग कमी करून, हँडल चांगलं वळवून, पायरीला शक्य तितकं आडवं चढा. दोन स्लॅबमधला उभा सांधा उघडा पडला असेल तर त्यालाही हेच लागू. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत जातो.

म्हणून जागा कुठली धरायची? कडेपासून साधारण एक मीटर आत, आणि सरळ रेषेत. उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना सव्वा मीटर, कारण कारचं दार तेवढं उघडतं. कडेला चिकटून नागमोडी चालवणाऱ्याला गाडीवाले मोजतच नाहीत. थोडं आत, सरळ चालणाऱ्याला वैतागून का होईना, बाजू देऊन जातात. बस आणि फूटपाथच्या मधल्या फटीत कधीही शिरायचं नाही, ती बस डावीकडेच येणार. वर्धा रोड, कामठी रोड, सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रोच्या खांबाआडून यू-टर्न घेणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दुभाजकात तोंड आलं की बोटं ब्रेकवर हवीत. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर दोन टप्प्यांत: सरळ पलीकडे जायचं, थांबायचं, तिकडचा सिग्नल मिळाला की निघायचं. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत दहा पावलं जा. त्यांचा रस संपतो.

आता ऊन. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४४-४५ तर बहुतेक वर्षी मे महिन्यात होतंच. हवा साधारण ३५ अंशांवर गेली की वारा लागून अंग थंड होत नाही, उलट तापतं. तिथून पुढे थंड करणारी एकच गोष्ट उरते, घाम वाळणं. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते, त्यामुळे घाम भराभर वाळतो. इतका, की आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. जुलैत शर्ट ओला दिसतो म्हणून माणूस पाणी पितो, मे महिन्यात कोरडा दिसतो म्हणून पीत नाही. खरी गोम इथे आहे.

उघडं अंग म्हणजे भट्टीकडे केलेलं तोंड. पांढरा किंवा फिका, पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट आणि डोक्या-कानांवरून ओला दुपट्टा, वर हेल्मेट. दुपट्टा पातळ मलमलचा असावा, नाहीतर हेल्मेट नीट बसत नाही. शहरातल्या मुली स्कूटीवर जो बांधतात तोच प्रकार, पुरुषांनी लाजायचं कारण नाही. निघण्याआधी अर्ध्या तासात ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी, आणि बाटलीत ७५० मिलिलिटर, ते वाटेत संपवायचं. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून ओला करा: कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर पाणी निववलेलं राहतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ भरून निघत नाही, म्हणून संध्याकाळी निघण्याआधी ओआरएस, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं मीठ घालून घेतलं तरी छानच. तर्री-पोहे हाणून लगेच सायकलवर बसू नका, एवढं मात्र ऐका.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी आठच्या आत ऑफिस गाठायचं. परतीची गोष्ट वेगळी, कारण पाचला पारा चाळीसच्या वरच असतो आणि रस्ता दिवसभर तापून खालून भाजतो. साडेसहानंतर निघा. हवा गरमच असते, पण डोक्यावर ऊन नसतं, आणि त्याने फार फरक पडतो. दुपारची गरम हवा बहुधा पश्चिमेकडून येते. ती पाठीमागून असली की चालवायला सोपं वाटतं, पण अंगाला वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही. अशा वेळी वेग आणखी कमी.

अंगाला या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं जावं लागतं. म्हणून सुरुवात नोव्हेंबरात नाहीतर फेब्रुवारीत करा, मे महिन्यात अजिबात नको. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत थांबा, पाणी डोक्यावर ओता, त्या दिवशी सायकल तिथेच ठेवून ऑटोने घरी जा. बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात. तेव्हा पाजत बसायचं नाही, अंग ओलं करून १०८ ला फोन करायचा. बीपी, शुगर किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काही गोळ्या पाणी कमी करतात. आणि आठवड्यातून दोन दिवस सायकल बंद ठेवली तर काही बिघडत नाही. उष्णतेची लाट जाहीर झाली की घरची गाडी काढावी.

सायकलही सावलीत लावा. २५ अंशांना ६० पीएसआय भरलेलं चाक ५० अंशांपर्यंत तापलं की ६६ च्या आसपास जातं. चांगला टायर ते सोसतो, भेगा पडलेला फुटतो. काळ्या सीटवर ओलं फडकं टाकून ठेवलं नाही तर संध्याकाळी बसता येत नाही. चार्जिंगचे दिवे काढून आत न्या, बॅटरी उन्हात लवकर मरते.

पावसाळा त्यामानाने सोपा. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि पुढच्याला खालपर्यंत रबरी फ्लॅप, नाहीतर चेनमध्ये काळी माती जाते. रेनकोटच्या आत घामाने भिजायचं की बाहेर पावसाने, एवढाच प्रश्न असतो. दहा किलोमीटरला भिजून जाणं आणि पोचून बदलणं जास्त सुखाचं. चप्पल मागे पट्टा असलेली. ओल्या रिमवर ब्रेक चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरत नाही, म्हणून आधीपासून हलका दाबून पाणी पुसून घ्यायचं आणि मग जोर. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ना वळायचं ना ब्रेक मारायचा. नरेंद्रनगरच्या किंवा लोहापुलाच्या खाली पाणी साचलं असेल तर खोली आजमावत बसू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, तेव्हा किती थोड्या वेळात किती चढतं ते सगळ्या शहराने पाहिलं. हब बुडेल एवढ्या पाण्यातून सायकल नेलीत तर ग्रीस बदलावंच लागतं.

चेनला तेल ओतू नका. इथल्या धुळीत जास्तीचं तेल म्हणजे पॉलिश पेपरचा लेप. फडक्याने पुसायची, प्रत्येक रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं दोन मिनिटं फिरवायचं, आणि बाहेरचं सगळं तेल पुन्हा पुसायचं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पावसात दर भिजल्यानंतर. पट्टीने एका पिनेपासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर मोजा: नव्या चेनचं बरोबर १२ इंच. १२-१/१६ झालं की चेन बदला. १२-१/८ पर्यंत थांबलात तर मागची चक्रीही गेली.

पाठीवर सॅक नको, पाठीचा घाम सॅकमुळेच. मागच्या कॅरिअरला बाजूला लटकणारी बॅग घ्या. लॅपटॉप जाड पिशवीत, उभा, कपड्यांच्या मध्ये. रबरी दोरीने बांधत असाल तर तिचं टोक लोंबू देऊ नका, स्पोकमध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी थांबतं. ओढणी आणि साडीचंही तेच, मागच्या चाकाला जाळी आणि चेनला कव्हर लावून घ्या. सोमवारी आठवड्याचे शर्ट आणि एक जोडी बूट ऑफिसात नेऊन ठेवले की रोजचं ओझं डब्यापुरतं उरतं.

सायकलवर येण्याचा कंटाळा आला त्या दिवसासाठी: मेट्रोत सायकल नेण्याची सोय करून दिलेली आहे, गर्दीच्या वेळचा चालू नियम स्टेशनवर विचारून घ्या. मानेवाड्याला ती जवळ नाही, पण खापरी, हिंगणा रोड किंवा पारडीकडच्यांना अर्धं अंतर सायकल आणि अर्धं मेट्रो हे फार सोयीचं पडतं.

कुलपात काटकसर करू नका. पातळ केबलचं नंबरवालं कुलूप साध्या कटरने क्षणात तुटतं. यू आकाराचं घ्या, आणि ते फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत पक्का असलेला खांब या तिन्हींतून गेलं पाहिजे. नुसतं पुढचं चाक बांधून ठेवलेल्यांना संध्याकाळी पुढचं चाक तेवढं मिळतं. पॅडलच्या दांड्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, सायकल उलटी करून त्याचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर आपली सायकल ओळखवायला तोच उपयोगी पडतो.